‘घण’चा नवा गायक

माझं लग्न ठरलं तेव्हा पेढ्यांच्या पुड्याबरोबर मी मुलीचा फोटोही कारखान्यात नेला होता. सगळ्यांनी फोटो बघितला, ‘छान आहे, छान आहे’ म्हणत पेढे उचलले. आमच्या फोरमन साहेबांनी मात्र फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“फोटो काय दाखवतोस? हसते कशी?”

“बरी हसते, साहेब.”

“बरी म्हणजे? खणखणीत की बद्द?”

मला सांगता येईना. साहेबांनी हातातला पेढा कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. “ऐकून ये. मग खातो.”

आणि मी गाढव, खरोखर ऐकायला गेलो. पुढच्या सुट्टीला होणाऱ्या सासुरवाडीत बसून मी एक विनोद सांगितला. सासरे गंभीर झाले, सासूबाई पोह्यांचं बघायला आत गेल्या, आणि मुलगी एकटी हसली. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या शॉपमध्ये शिरताच लांबूनच ओरडलो, “खणखणीत!” साहेबांनी कपाटातून आपला पेढा काढला. तोवर त्याचा दगड झाला होता, पण त्यांनी तो चावून चावून खाल्ला.

जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी असे दोनच ढीग केले होते. त्यांची नोकरीच तशी होती. नाशिकच्या अंबडमधल्या त्या कारखान्यात तापलेल्या लोखंडावर यंत्राचे घण घालून ट्रक-ट्रॅक्टरचे भाग घडवले जात. घडलेला भाग थंड झाला की साखळीला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं त्यावर टकटक करायची. खणखणीत वाजला तर आतून धड, बद्द वाजला तर कुठंतरी चीर. तपासायची मोठी यंत्रंही होती, पण साहेबांनी हातोडी मारून मान हलवली की यंत्रवाले आपला कागद बदलत. चांगल्या मालावर खडूनं बरोबरची खूण, वाईटावर फुली. ही फुली ते माणसांच्या पाठीवरही ओढत. शिकाऊ इंजिनियर म्हणून लागलो तेव्हा पहिले काही महिने मी रोज पाठीवर फुली घेऊन घरी जायचो आणि आई ती न विचारता धुवायची.

हातोडी बाहेरही त्यांच्या खिशात असायची. माठ, कपबशा, कलिंगडं यांचं मी समजू शकतो. पण त्या काळात इंदिरानगरला पटापट इमारती उठत होत्या, आणि साहेब तिथंच राहायचे. नवा फ्लॅट घेणारा प्रत्येक शेजारी त्यांना सोबत नेऊ लागला. साहेब उकिडवे बसून एकेक फरशी वाजवत पुढं सरकत आणि पोकळ निघाली की फुली मारत. एका बिल्डरनं तर पाटीच लावायची बाकी ठेवली होती की, फ्लॅट बघायला या, पण या गृहस्थांना आणू नका.

अशा माणसाच्या कानाला गाणं लागावं तर कुठलं? कधीतरी एक परदेशी इंजिनियर मोठा घण बसवायला आला होता. जाताना तो एक कॅसेट विसरून गेला. साहेबांनी ती डबा खाताना लावली. आतून जे काही आलं त्यानं कँटीनमधल्या मांजरानंही खिडकी गाठली. साहेब मात्र पोळीचा तुकडा हातात धरून तसेच बसून राहिले.

“हे आपल्या शॉपसारखं वाजतं रे,” ते म्हणाले. “बाकी गाणी ऐकली की मला वाटतं, लाइन बंद पडली.”

असं त्यांना हेवी मेटल लागलं. वयाची चाळिशी आलेली, घरात वहिनी आणि दोन मुली, आणि हा माणूस गिटार शिकायला लागला. शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा कॅसेट उलटसुलट करून स्वतःच शिकले. मग बँड काढला. नाव ‘घण’. गिटार साहेब. बास गिटार आमच्याच स्टोअरमधला निफाडचा बाळू, ज्याच्या वडिलांच्या द्राक्षबागा होत्या आणि ज्याला त्या बागांतून कुठलंही निमित्त काढून पळायचं होतं. गायक प्रकाश, साहेबांचा शाळेपासूनचा मित्र, केस खांद्यापर्यंत. ड्रमला मी. मला का घेतलं? तर माझ्या वडिलांची मारुती ओम्नी होती आणि ड्रम त्यातच मावत होते. माझ्या कलेची यापलीकडे चौकशी झाली नाही.

नाशिकचे कारखाने शनिवारी बंद असतात. जगाला रविवारची सुट्टी आणि आम्हाला शनिवारची, त्यामुळं आमचे सगळे उद्योग असे होते की त्यात जगाचा काही संबंध येत नसे. आमचा श्रोतृवर्ग वर्षातून एकदा जमायचा, खंडेनवमीला. शॉप धुऊन काढायचं, यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, आणि मग घणाच्या यंत्रासमोर ‘घण’चा कार्यक्रम. गाणी साहेबांची. एक सुरक्षेच्या पाटीवर होतं, एक पाळीबदलावर, आणि ‘बद्द’ नावाचं एक व्यवस्थापनावर. व्यवस्थापक पहिल्या रांगेत बसून प्रसादाचे फुटाणे खात ऐकायचे. त्यांना एक शब्द कळायचा नाही, त्यामुळं कार्यक्रम दरवर्षी निर्विघ्न पार पडायचा.

आता मूळ गोष्टीकडं येतो. या माणसाचे कान जात होते.

घणाशेजारी जन्म काढला की दुसरं काय होणार? कापसाचे बोळे त्यांनी कधी घातले नाहीत; कान झाकून माल कसा ऐकायचा? दरवर्षी आरोग्य तपासणीची गाडी यायची. कानाला हेडफोन लावायचे आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. साहेब दरवर्षी पास. एकदा माझा नंबर त्यांच्यामागं होता, तेव्हा मी बघितलं. ते डोळे मिटत नव्हते. समोरच्या काचेत त्या तपासणाऱ्या पोराचा अंगठा दिसत होता. तो हलला की साहेब बटण दाबायचे.

बाहेर आल्यावर तेच म्हणाले, “बारीक आवाज गेलेत. जाडे आहेत अजून. लोखंड कळतं मला, हाताला कळतं.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण गिटारचं वरच्या सुरांचं काम ऐकू येईना रे. बोटं जातात सवयीनं. अल्बम करून टाकू. मला ऐकू येतोय तोवर.”

तेव्हापासून ‘घण’चा अल्बम हा एकच ध्यास. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचा माल वाजवून पाहिला होता. एकदा आपलाही वाजवून पाहायचा होता. गाणी बसली, तारखा ठरल्या, आणि नेमकं तेव्हाच, उशिरानं का होईना, प्रकाशचं लग्न ठरलं. सासऱ्यांचं संगमनेरला मोठं दुकान. त्यांची अट एकच, केस. प्रकाशनं केस कापले आणि आमच्याकडं यायचाच बंद झाला. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी ओळखलंही नाही. साहेबांनी ओळखलं. त्याच्या शर्टावर ओढायला खडू काढला आणि मग न ओढताच परत खिशात ठेवला. त्यांना फार लागलं होतं ते.

नवा गायक शोधायला सूचनाफलकावर कागद लावला. बरीच मंडळी आली. हिशेब खात्यातल्या एकानं भावगीत म्हटलं, रंगकामातल्या दोघांनी मिळून भजन. साहेब समोर बसायचे, डोळे मिटायचे आणि दोन ओळींत हात वर करायचे. “बद्द.” कधी कधी तर माणूस गात असतानाच विचारायचे, “सुरू कर ना.” पोरांना वाटायचं, साहेब टोमणा मारतायत. मला आणि बाळूला कळत होतं. आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळायचो.

आणि मग सलीम आला. तो खरं तर गायला आलाच नव्हता. लेथवर नवाच लागलेला मालेगावचा पोरगा. शॉपच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या यंत्रातलं तेल संपलं म्हणून त्यानं तिथूनच हाक मारली, “सा-ब! तेल खतम!”

घण चालू होते. त्यातून ती हाक आली. साहेबांनी हातातली हातोडी खाली ठेवली आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवली. पाठीमागून मारलेल्या हाकेला त्यांनी ओ दिल्याचं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“खणखणीत,” ते म्हणाले.

सलीमचं घर यंत्रमागांचं. घरातच माग, दिवसरात्र खडखडाट. त्यातून मीठ मागायचं तरी ओरडावं लागे, आणि त्या घरात सगळेच असे बोलत. त्याला वाटायचं, माणसं अशीच बोलतात. अंबडला खोली घेऊन राहिला तेव्हा घरमालकानं पहिल्याच दिवशी दार वाजवून विचारलं होतं, भांडण कोणाशी चाललंय? तो आईला फोन करत होता.

म्हणजे गायक मिळाला. पण अडचण पुढं होती. सलीमला माईकपुढं उभं केलं, मी ड्रमवर चार ठोके दिले, साहेबांनी गिटार छेडली, आणि सलीमनं डोळे मिटून असा काही मुलायम, मधाळ सूर लावला की बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या घरी गाणं फक्त माग बंद असताना व्हायचं, त्यामुळं गायचं ते हळू, हा त्याचा पक्का समज.

“सुरू कर ना,” साहेब म्हणाले.

“साब, गा रहा हूँ ना!” सलीम बोलला, आणि छताचे पत्रे थरथरले.

साहेब उठून उभे राहिले. “हेच! गाऊ नको, सलीम. बोल.”

“क्या बोलूं, साब?”

“घरी बोलतोस तसं.”

अशी आमच्या अल्बमची नवी गाणी तयार झाली. त्या वर्षांत वीज दिवसातून कितीदा जाई याला सुमार नव्हता, आणि लाइट गेली की यंत्रमागाच्या घरात काय काय ओरडलं जातं ते सगळं सलीमला तोंडपाठ होतं. ‘लाइट गेली’ हे गाणं त्यातून आलं. त्यात तो आईला, भावाला, वायरमनला आणि शेवटी सरकारला हाका मारतो. मी आजही सांगतो, रागाचं एवढं खरं गाणं मी ऐकलेलं नाही. आणि तो मुळात रागावलेला नव्हताच.

रेकॉर्डिंग बाळूच्या शीतगृहात ठरलं. निर्यातीची द्राक्षं थंड करायची जाड भिंतींची खोली. हंगाम नसताना रिकामी, आणि दार लावलं की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. बाळूनं बागेचा हिशेब ठेवायचा कॉम्प्युटर तिथं आणला. मात्र द्राक्षं काढायला आली की खोली जाणार होती, आणि डिसेंबर निम्मा सरला होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायला साहेब तयार नव्हते. का, ते आम्हाला माहीत होतं.

शेवटच्या शनिवारी फक्त साहेबांचं वरच्या तारांवरचं काम उरलं होतं, ‘लाइट गेली’च्या मधलं. दार लावून आम्ही सराव सुरू केला. थोड्या वेळानं बाळू म्हणाला, गार लागतंय. निफाडला डिसेंबरात बाहेरच एवढं गार असतं की कोणी लक्ष दिलं नाही. मग माझ्या तोंडातून वाफ निघायला लागली. बाळूचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, त्यांनी हंगामाआधी चाचणी म्हणून यंत्रणा चालू केली होती. आम्ही आत आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. आतून उघडायची कडी आधीच गंजलेली, ती नेमकी तेव्हाच अडकून बसली.

आम्ही दार बडवलं. मी ड्रम बडवले. त्या खोलीची आम्ही ज्या गुणासाठी निवड केली होती तो गुण आता आमच्या जिवावर उठला होता. साहेबांनी खिशातली हातोडी काढली, दारावर टकटक केली आणि म्हणाले, “दार खणखणीत आहे.” मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला.

मग ते सलीमकडं वळले. “बोल.”

सलीमनं दाराच्या फटीला तोंड लावलं. “आ-बा! दरवाजा!”

आबा तेव्हा बागेच्या पार पलीकडच्या बांधावर होते. धावत आले, दार उघडलं आणि धापा टाकत म्हणाले, “आरं, मला वाटलं कोनाचा रेडा पडला इहिरीत! लय घाबारलो. ह्यो काय गळा हाय का काय?”

उन्हात बसून चहा पिऊन आम्ही माणसांत आलो. साहेबांना धीर नव्हता. ते परत आत गेले, गिटार गळ्यात अडकवली आणि ते वरचं काम एका दमात वाजवून मोकळे झाले. डोळे मिटलेले, चेहरा असा की मुलीच्या लग्नात अक्षता पडताना बापाचा असतो. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“कसं झालं?”

त्या गारठ्यानं गिटारच्या सगळ्या तारा सरकल्या होत्या. एकही स्वर जागेवर नव्हता. आणि हे ज्यांच्या कानावर अख्खा कारखाना चालत होता त्यांना ऐकू आलं नव्हतं. बाळू माईकच्या वायरी गुंडाळायला लागला. मी म्हणालो, “छान, साहेब.” खरं सांगितलं तर फक्त गिटारबद्दल सांगून भागत नव्हतं.

साहेबांनी कॉम्प्युटर लावायला सांगितलं. स्पीकरवर हात ठेवून पुन्हा ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि खडूनं स्पीकरवर बरोबरची खूण केली.

“साब!” सलीम बोलला. त्याला हळू बोलता येत नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही. “साब, गिटार उतरी हुई है! पूरा बद्द बज रहा है!”

दारातले आबाही आत आले. साहेबांनी सलीमकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, आता अल्बमही गेला आणि बँडही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुला ऐकू आलं होतं?”

“हो, साहेब.”

“बाळूला?”

बाळूनं मान खाली घातली.

“म्हणजे मला एकट्यालाच ऐकू आलं नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी बाहीनं स्पीकरवरची खूण पुसली आणि तिथं स्वतःच्या हातानं फुली मारली. खडू मोडला. मग सलीमकडं वळून म्हणाले, “निदान मला ऐकू येईल असं तरी कोणीतरी बोललं. ये इकडं. मी पिळतो, तू सांग.”

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. साहेब गिटारच्या खुंट्या पिळत होते आणि सलीम त्यांच्या कानाशी उभा राहून ओरडत होता, “ऊपर साब! और ऊपर! नीचे! थोडा नीचे! बस्स!” एकेक तार अशी जागेवर आली. मग साहेबांनी परत वाजवलं. त्यांना त्यातलं काय ऐकू आलं, देव जाणे. पण यावेळी ते डोळे उघडे ठेवून सलीमच्या तोंडाकडं बघत वाजवत होते, आणि सलीमचा चेहरा फुलत गेला तसा त्यांचाही. आबा म्हणाले, “आता जमलं गड्या,” आणि डोळे पुसत यंत्रणा बंद झालीय ना ते बघायला गेले. माझंही काही वेगळं नव्हतं, पण मला ड्रम आवरायचे होते.

बाळू रेकॉर्डिंग बंद करायला विसरला होता. त्यामुळं ‘घण’च्या एकुलत्या एक अल्बममध्ये गिटारचं ते काम सुरू होण्याआधी ‘ऊपर साब, और ऊपर’ स्पष्ट ऐकू येतं. काढून टाकू म्हटलं तर साहेबांनी ऐकलं नाही. सीडी कारखान्यात वाटल्या, थोड्या कॉलेज रोडच्या एका दुकानात ठेवल्या. कारखान्यातल्या पोरांना ‘ऊपर साब’ एवढं आवडलं की खंडेनवमीच्या कार्यक्रमात मागून त्याचाच गजर सुरू झाला. व्यवस्थापक फुटाणे खाता खाता म्हणाले, पहिल्यांदाच तुमचं एक गाणं समजलं.

पुढच्या तपासणीला साहेब खुर्चीवर बसले ते काचेकडं पाठ करून. बटण त्यांनी एकदाही दाबलं नाही. बाहेर येऊन हातोडी सलीमच्या हातात ठेवली आणि स्वतः स्टोअरच्या टेबलावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी त्यांच्या पाठीवर मी खडूनं बरोबरची खूण केली. त्यांना कळलं नसावं, पण वहिनींनी तो शर्ट धुतला नाही म्हणे.

निवृत्तीनंतर त्यांनी श्रवणयंत्र घेतलं. मी कधीमधी इंदिरानगरला जातो. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे यंत्राची चाकं फिरव, शिट्टी वाजली की कमी कर, वहिनींना वाक्य पुन्हा सांगायला लाव, असा सगळा खटाटोप. बायकोला सोबत नेलं की मात्र म्हणतात, “तू नको बोलू, नुसती हस.”

गेल्या खंडेनवमीला असाच पेढे घेऊन जाऊन बसलो होतो आणि मालेगावहून फोन आला. सलीमनं आता तिकडंच स्वतःचं वर्कशॉप टाकलंय. फोनवरचं नाव बघून वहिनी उठल्या आणि शेजाऱ्यांच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. साहेबांनी कानातलं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि फोन हातभर लांब धरला.

“बाकी जगासाठी हे घालावं लागतं,” ते मला म्हणाले. “याच्यासाठी काढावं लागतं.”

“साब! कैसे हो?” अख्ख्या घरात घुमलं. साहेब डोळे मिटून ऐकत राहिले. पलीकडून सलीम आईची तब्येत, पोरांच्या शाळा, लाइट गेल्याचं, आल्याचं सगळं सांगत होता, आणि त्या माणसाला त्यातला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. फोन ठेवल्यावर यंत्र कानात घालायची त्यांनी घाई केली नाही.

“खणखणीत,” ते म्हणाले, आणि समोरचा पेढा उचलला.